यश आपलं, कर्ज कुणाचं?

जो पुन्हा जन्म घेतो, तो तोच असतो की दुसरा? मिलिंद या ग्रीक राजाने भिक्खू नागसेनांना विचारलेला हा प्रश्न औरंगाबादच्या नागसेनवनात पाली शिकवताना मी विद्यार्थ्यांपुढे ठेवत असे. नागसेनांचं उत्तर असं, की तो तोच नाही आणि दुसराही नाही. या उत्तराची कसोटी पाहणारी एक गोष्ट मला ग्रीसमध्येच सापडली, तीही अथेन्सच्या एईके या फुटबॉल क्लबात.

१९२३ च्या लोझान करारान्वये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी माणसांची अदलाबदल केली. कोण कुठे जाणार हे धर्मावरून ठरलं. घरात तुर्की बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला आले, तर ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात गेले. कॉन्स्टँटिनोपलच्या जुन्या ग्रीक रहिवाशांना यातून सूट होती, तरी पुष्कळांनी शहर सोडलं. त्यांच्यातल्या काहींनी १९२४ साली अथेन्समध्ये हा क्लब काढला. नावातल्या ‘के’मध्ये गमावलेलं कॉन्स्टँटिनोपल ठेवलं आणि छातीवर बायझँटाइन साम्राज्याचा दुतोंडी गरुड, काळ्या-पिवळ्या रंगात. निर्वासितांच्या नेआ फिलाडेल्फिया वस्तीत त्यांचं मैदान उभं राहिलं. १९३२ मध्ये ग्रीक चषक आणि १९३९ मध्ये पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं. १९७७ मध्ये संघ युएफा चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला. २००२ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिद आणि रोमा असलेल्या गटातले सहाही सामने त्याने बरोबरीत सोडवले. एकही न हरता तो बाहेर पडला.

२००३ मध्ये ते मैदान पाडलं गेलं. २०१३ मध्ये संघाची इतिहासात पहिल्यांदाच खालच्या श्रेणीत घसरण झाली. कर्जात बुडालेली कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि क्लबाने थेट तिसऱ्या श्रेणीतून नव्याने सुरुवात केली. खेळाडू बदलले, मालक बदलले, कंपनीही बदलली. २०१५ मध्ये संघ वर आला, २०१८ मध्ये विजेता झाला. २०२२ मध्ये जुन्याच जागी, कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचं नाव घेऊन नवं मैदान उघडलं आणि पुढच्याच वर्षी लीग आणि चषक दोन्ही मिळाले. २०२३ पर्यंत तेरा विजेतेपदं, असं समर्थक अभिमानाने मोजतात. त्यात जुन्या काळातली अकरा आहेत.

इथे नागसेनांचा आंबेचोर आठवतो. पकडल्यावर तो म्हणतो, मालकाने लावलेले आंबे वेगळे, मी नेलेले वेगळे. राजा मिलिंदच कबूल करतो की तरीही तो दंडास पात्र आहे, कारण दुसरे आंबे पहिल्यांतूनच आले. नागसेनांना सातत्य हवं आहे ते जबाबदारी टळू नये म्हणून. मग १९३९ चं यश आपलं आणि जुनं कर्ज मात्र त्या कंपनीचं, असं म्हणता येईल का? मला वाटतं, नाही. तिसऱ्या श्रेणीतली ती वाटचाल मला म्हणूनच विजेतेपदांपेक्षा मोलाची वाटते. ज्यांची देणी बुडाली त्यांना त्यातून काही मिळालं नाही, पण मागचं फळ थोडं तरी भोगलं गेलं.

‘तोच की दुसरा’ हा प्रश्न माझ्या घरचाही आहे. माझ्या आजोबांनी १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली. त्यांनी धर्म स्वतः निवडला. उलट, लोझानच्या करारात धर्माने माणसांची जागा ठरवली. दीक्षेनंतर आजोबा तेच राहिले की दुसरे झाले? जुने देव त्यांनी सोडले. गावकीतल्या अपमानाची आठवण आणि पोरांना शिकवण्याचं कर्तव्य मात्र सोडलं नाही. सोडणं म्हणजे विसरणं नव्हे, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

म्हणून त्या गरुडाकडे मी आदराने पाहतो आणि त्याच्याकडे एक मागणीही करतो. गमावलेल्या शहराची आठवण जपावी, पण तिचा हक्काचा दावा होऊ देऊ नये. जो वारसा सांगतो त्याने त्याच करारामुळे क्रीट सोडावं लागलेल्या मुसलमानांचं दुःखही आपल्या इतिहासात धरावं. ‘आम्ही तेच आहोत’ हे म्हणण्याचा अधिकार यशाबरोबर देणंही उचलणाऱ्यालाच असतो.