कल्पनेची जमीन आणि कष्टाचे पीक

चोरी म्हणजे काय, असे शाळेतल्या कोणत्याही वर्गात विचारले तर उत्तर चटकन मिळते. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणे म्हणजे चोरी. वस्तू गेली की मालकाचा हात रिकामा होतो, म्हणून ती चोरी. परंतु जिची नक्कल केल्यावरही मूळ वस्तू मालकाकडे जशीच्या तशी राहते, तिचे काय? एखादी कविता, एखादी धून, गणिताची एखादी रीत किंवा मोबाइलवरचा एखादा छोटासा खेळ! येथे घेणारा उलट विचारतो, ‘मी तुमचे काय नेले?’ ज्याचे गेले त्याला नीट उत्तर देता येत नाही. तरीही त्याचे काहीतरी गेलेले असते. ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, याचा शोध आम्हाला येथे घ्यायचा आहे. उदाहरण मुद्दाम मोबाइलच्या खेळांचे घेतले आहे. आपल्या घरातली मुले ज्या खेळात तासन्‌तास गुंतलेली असतात, त्यामागे कोणाचे कष्ट आहेत हे आपण सहसा विचारत नाही.

मोठ्या कंपन्यांचे खेळ शेकडो माणसे मिळून तयार करतात. पण काही खेळ असे असतात की एकटादुकटा माणूस, बहुधा पदरमोड करून, ते घडवतो. अमेरिकेतील ॲशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड हे अशांपैकी दोघे. ६ फेब्रुवारी २०१४ रोजी त्यांनी आयफोनवर ‘थ्रीज’ नावाचा अंकांचा खेळ आणला. संगीत जिमी हिन्सन यांचे होते. चार बाय चारचा चौकोन. एक आणि दोन जुळले की तीन होतात, तीन आणि तीन जुळले की सहा, मग बारा, मग चोवीस. नियम लहान मुलालाही समजावेत इतके सोपे. पण तो सोपेपणा गाठायला त्यांना चौदा महिन्यांच्या आसपास काळ लागला होता. किती कल्पना आणल्या, किती चित्रे काढली, किती टाकून दिली, याचा हिशेब त्यांच्या आपसांतल्या शेकडो ई-मेलमध्ये आहे.

खेळ बाजारात येताच काही दिवसांत त्याच्यासारखे खेळ दिसू लागले. त्यांपैकी एक ‘१०२४’. तो पाहून त्याच वर्षी मार्चमध्ये गॅब्रिएल सिरुली या एकोणीस वर्षांच्या इटालियन तरुणाने सुट्टीच्या एक-दोन दिवसांत ‘२०४८’ तयार केला. त्याने त्यातून पैसा मिळवायचे ठरवले नव्हते. खेळ त्याने इंटरनेटवर फुकट ठेवला आणि त्याची आज्ञावलीही सर्वांना खुली करून दिली. ‘थ्रीज’शी साम्य आहे हे कळल्यावर त्याने तशी नोंदही केली. पुढे केचॅप या फ्रेंच कंपनीने ‘२०४८’ याच नावाचा खेळ जाहिरातींसह मोबाइलवर आणला आणि तो लोकप्रियतेच्या यादीत वर जाऊन बसला. लोक ‘२०४८’ला मूळ समजू लागले. जवळजवळ दोन डॉलर देऊन घ्यावा लागणारा ‘थ्रीज’ पाहून काही जण म्हणू लागले की, ही तर ‘२०४८’ची नक्कल!

वाचकहो, या गोष्टीत अपराधी कोण? कायद्याला विचारावे तर तो म्हणेल, बहुधा कोणीच नाही. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही. कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपाला देतो. १८७९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिशेबाच्या पुस्तकांवरून निघालेल्या बेकर विरुद्ध सेल्डन या खटल्यात हेच सांगितले होते. आपल्याकडेही १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हाच निकष लावला. आनंद यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांचा विषय एकच, प्रांताभिमानाचा. तरी विषय एक म्हणून नक्कल होत नाही, असा निर्णय झाला. मात्र रूप उचलले तर कायदा हात धरतो. २०१२ साली अमेरिकेत टेट्रिसची हुबेहूब नक्कल करणाऱ्या झिओ या कंपनीविरुद्ध निकाल लागला. तुकडे वरून पडण्याचा नियम सर्वांचा. पण तेच आकार, तोच पट, तोच एकूण देखावा उचलणे मान्य नाही, असे न्यायालयाने म्हटले.

उर्दू शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना हा फरक समजायला वकिलाची गरज नाही. गझलेची ‘जमीन’ म्हणजे तिचा बहर, काफिया आणि रदीफ. एकाच्या जमिनीत दुसऱ्याने गझल लिहिली तर त्याला कोणी चोर म्हणत नाही. तरही मुशायऱ्यात तर एकच मिसरा देऊन सर्वांना त्याच जमिनीत नांगर धरायला सांगतात. मात्र दुसऱ्याचा शेर आपल्या नावावर वाचला तर तो ‘सरका’, सरळसरळ चोरी. दोघांना न ठरवता एकच कल्पना सुचली तर तो ‘तवारुद’. त्यात दोष नाही. आणि दुसऱ्याचा मिसरा उघडपणे घेऊन त्यावर आपले बांधकाम केले तर ती ‘तजमीन’. तिला तर दाद मिळते. जमीन सामाईक, पीक ज्याचे त्याचे. खेळांच्या जगात नियम ही जमीन आहे. त्यातून उगवलेले रूप, चव, तोल हे पीक आहे.

जमीन सामाईक असणे गरजेचेही आहे. झॅक बार्थ यांच्या २००९ सालच्या ‘इन्फिनिमायनर’ या खेळापासून मार्कुस पेर्सन यांना ‘माइनक्राफ्ट’ची दिशा मिळाली. त्यांनी ते उघडपणे सांगितले आणि त्या ठोकळ्यांवर एक वेगळेच विश्व उभे केले. ‘वर्डल’चे निर्माते जॉश वॉर्डल यांच्या आधीही शब्द ओळखण्याचे असे खेळ होते; ‘लिंगो’ हा दूरचित्रवाणीचा कार्यक्रम १९८७ पासूनचा. पहिल्या माणसाने जमिनीला कुंपण घातले असते तर दुसऱ्याला पेरायला जागाच उरली नसती. आणि पहिला तरी खरोखर पहिला होता का? २०२२ च्या आरंभी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘वर्डल’ विकत घेतला आणि २०२४ मध्ये त्याच्यासारख्या खेळांना नोटिसा धाडल्या, तेव्हा हा प्रश्न अनेकांनी विचारला.

मग ‘थ्रीज’च्या दोघांचे दुःख खोटे होते काय? आमच्या मते नाही. कायदा जेथे थांबतो तेथे नीतीचे काम सुरू होते. सिरुलीची नीयत साफ होती. त्याने लपवले नाही, स्वतःची तुंबडी भरली नाही. पण फुकट वाटण्यातही एक पेच असतो. सखावत आपल्या घरच्या धान्याची असते. ज्या धान्यात दुसऱ्याच्या घामाचा वाटा आहे ते फुकट वाटले, तर वाटणारा दुवा घेतो आणि पिकवणाऱ्याच्या दुकानासमोर गिऱ्हाईक उरत नाही. येथे गुन्हा नसेल; देणे मात्र आहे. गुन्हा आणि देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या नेहमी एक समजतो. गुन्हा केला नाही म्हणून देणे फिटले, असे होत नाही. आपल्या परंपरेत हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरील हक्क, यांचे स्थान म्हणूनच वेगळे मानले आहे. ज्याचा हक्क त्याने माफ केल्याशिवाय तो उतरत नाही.

ज्ञान विकावे काय, यावर उपखंडातील उलेमांमध्ये मतभेद होते. पुढे १९८८ साली कुवेत येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखक आणि संशोधक यांच्या हक्कांना मान्यता देऊन त्यांचे उल्लंघन नाजायज ठरवले. म्हणजे जी वस्तू हाताला लागत नाही, तिच्यावरही माणसाचा हक्क असू शकतो, हे तेथेही मान्य झाले.

ज्यांची नक्कल झाली त्यांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. ‘ट्रिपल टाउन’च्या स्प्राय फॉक्स या छोट्या संस्थेने न्यायालय गाठले, २०१२ मध्ये तडजोड होऊन नक्कल केलेल्या खेळाची मालकीच तिला मिळाली. पण खटल्याचा खर्च प्रत्येकाला पेलतो असे नाही. नेदरलँड्समधील व्लाम्बीर या दोघांच्या संस्थेचा मासेमारीचा छोटा खेळ २०१० सालचा. त्याची मोबाइलवरची मोठी आवृत्ती ते तयार करीत असतानाच २०११ मध्ये दुसऱ्याच कंपनीने तशाच धाटणीचा खेळ आणला. दोघांचा हुरूप गेला. तरी २०१३ मध्ये त्यांनी आपला ‘रिडिक्युलस फिशिंग’ पूर्ण केला आणि ॲपलने त्याला त्या वर्षीचा आयफोनचा सर्वोत्तम खेळ ठरवले. ‘थ्रीज’च्या दोघांनी मार्च २०१४ मध्ये आपला चौदा महिन्यांचा पत्रव्यवहार लोकांपुढे ठेवला. त्यांनी कोणाला न्यायालयात खेचले नाही. ‘हे असे घडले, एवढे कष्ट लागले’ इतकेच सांगितले. त्या वर्षी तोच मान ‘थ्रीज’ला मिळाला. तरीही पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, त्यांना जाहिरातींसह फुकट आवृत्ती काढावी लागली. मान मिळाला, बाजार मात्र परत आला नाही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला असे सुचते. नक्कल करणारा वस्तू नेत नाही, तो वेळ नेतो. पहिल्याने चौदा महिने अंधारात चाचपडून वाट शोधलेली असते. दुसरा त्या वाटेवरून दोन दिवसांत चालत येतो, कारण ती कोठे जाते हे त्याला आधीच ठाऊक असते. वाट सर्वांची, हे खरेच. पण ती शोधताना कोणाच्या पायात काटे रुतले, हे विसरणे बरे नव्हे.

म्हणून आम्ही नक्कल करणाऱ्याला तीन प्रश्न विचारू. तू त्यात स्वतःचे काय घातलेस? ज्याच्याकडून घेतलेस त्याचे नाव घेतलेस काय? आणि तुझ्या येण्याने त्याच्या चुलीवरचे भांडे उतरले काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चांगली देणारेही तिसऱ्याला अडखळतात, हे सिरुलीच्या उदाहरणावरून दिसते. केवळ पैशासाठी उचलणारे तिन्हींना अडखळतात.

हे प्रश्न खेळ बनवणाऱ्यांपुरते नाहीत. पुस्तकाची झेरॉक्स काढून विकणारा, दुसऱ्याच्या नोट्सवर आपले नाव घालून क्लास चालवणारा, मुशायऱ्यात परक्याच्या शेरावर टाळ्या घेणारा, या सर्वांना ते लागू आहेत. कायद्याचा पोलीस यांतल्या फार थोड्यांच्या दारात जाईल. बाकीच्यांचा हिशेब त्यांनाच करायचा आहे. मूळ कोणाचे हे विचारणे, त्याचे नाव उच्चारणे आणि ऐपत असेल तेथे त्याला त्याचे दाम देणे, एवढे तर कोणालाही जमण्यासारखे आहे.