शंभर मण्यांची माळ

शरणबंधूंनो, हिमालयापलीकडील तिबेटचा एखादा जुना नकाशा कधी पाहावयास मिळाला, तर त्यावरील ल्हासाच्या वाटेची रेघ जरा निरखून पाहा. नेपाळमार्गे ल्हासा आणि तेथून त्सांगपो नदीकाठाने मानससरोवराकडची वाट कुमाऊंतील मिलम गावच्या नैनसिंह रावतांनी १८६५-६६ साली पावलांनी मोजली. परकीयांस तेथे बंदी, म्हणून मोजणी खात्याने त्यांना वेष पालटून धाडले. त्यांच्या जपमाळेत १०८ नव्हे, १०० मणी होते. शंभर पावलांना एक मणी ओढावयाचा. एका फेरीत दहा हजार पावले. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी मोजणीची टिपणे.

याला कायक म्हणावे की कपट? माळेपाशी माझे मन अडत नाही. (माळ ओढता ओढता बाजारभाव मोजणारे आपल्यातही आहेत!) पावलापावलावर चित्त ठेवून शेकडो कोस चालणे, ही एकाग्रता कित्येक जपकर्त्यांना साधत नाही. बोच आहे ती चक्राची. चक्र फिरताना पाहून भाविक लोक त्यांच्या जपात व्यत्यय आणीत नसत. त्या भल्या माणसांची श्रद्धाच येथे आडोसा म्हणून वापरली गेली.

आणि श्रम निर्मळ असले, तरी त्यांचे फळ कोणाच्या हाती पडणार, हे श्रमणाऱ्याने विचारावयाचे की नाही? १८७७ साली लंडनच्या भूगोल संस्थेने नैनसिंहांना सुवर्णपदक दिले. १९०४ साली इंग्रजी फौज ल्हासात शिरली, तेव्हा ते हयात नव्हते. हुकमाचे ताबेदार म्हणून मी त्यांना सोडीन. धाडणाऱ्यांना मात्र सोडवत नाही.