अंगठ्याची बाजू

बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं, की व्यवहाराला दोन बाजू असतात : नावे आणि जमा. तिसरी अंगठेबहाद्दराची, ती परीक्षेला नव्हती.

१२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या नि कर्जरोखे जाळले. १८६५ला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, तसा इथला कापूस गडगडला. सारा मात्र चढलेलाच. तिकडे तोफा थांबल्या नि इकडे भीमथडीत जप्त्या आल्या!

कोर्टाला ते रोखे मान्य होते. मग चूक कुणाची? वह्या जाळणाऱ्यांची, असं माझं कारकुनी मत. (वही जाळणं म्हणजे आमच्यात ब्रह्महत्याच.)

परवा काउंटरवर एका म्हातारबाबांनी अंगठा शाईत बुडवला नि विचारलं, "साहेब, वर काय लिवलंय?"

मागे रांग होती. मी म्हटलं, "बरोबरच आहे बाबा, दाबा."

त्यांनी दाबला.