नजरेची वाटणी

महाराष्ट्रात मलकापुरं निदान तीन आहेत. एक बुलढाण्यातलं, रेल्वे स्टेशनाचं. दुसरं कऱ्हाडला खेटून. तिसरं कोल्हापूर जिल्ह्यातलं, शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं. विशाळगडचे पंतप्रतिनिधी गड सोडून या तिसऱ्या मलकापुरात राहायला आले, त्यामुळे गावाला जहागिरीचा इतिहास आहे. आज मात्र गाव ओळखलं जातं ते रस्त्यामुळे. गणपतीपुळ्याला निघालेली, आंब्याला मुक्कामाला चाललेली, विशाळगडाकडे वळणारी बहुतेक गाडी इथूनच जाते. पुढे आंबा घाट लागतो आणि रस्ता साखरप्याकडे उतरतो. जुलैत त्या घाटात वरून पाऊस, समोरून धुकं आणि आतून काचेवर वाफ अशी तिहेरी गाठ असते. गाडी चांगली की वाईट हे ठरवायला याहून प्रामाणिक जागा सापडणं कठीण.

मलकापुरात चहाला थांबलेल्या मोठ्या गाडीभोवती दोन प्रकारचे बघे जमतात. काही जण बाहेरून बघतात: ग्रिल केवढं, दिवे किती बारीक, चाक किती इंची, मागून कशी दिसते. बाकीचे काचेला कपाळ टेकवून आत डोकावतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘स्क्रीन केवढी हाय?’ पूर्वी या जागी ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न असायचा. बघ्यांतल्या जाणत्या मंडळींनी उमेदीत वडापची, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप चालवलेली असते. कमांडर किंवा ट्रॅक्स, आत दहा-बारा माणसं, टपावर भाजीची पोती. तिच्या डॅशबोर्डवर पत्रा, दोन-तीन काटे आणि इंजिन बंद करायची ओढदांडी, एवढाच ऐवज. त्यातला स्पीडोमीटर बहुधा बंदच असायचा, आणि त्यावाचून कुणाचं अडत नसे.

मोठ्या गाड्यांचं नवं रूप आलं की शौकिनांच्या तक्रारी सुरू होतात. त्या ढोबळपणे दोन असतात. पहिली बाहेरच्या रूपाची: ग्रिल फार मोठं केलं, दिवे फार चिरलेले, जुना रुबाब गेला. दुसरी आतली: बटणं काढून सगळं स्क्रीनमध्ये कोंबलं. एकाच तोंडून, एकाच सुरात येतात म्हणून दोन्ही तक्रारींवर ‘जुनं तेच सोनं म्हणणारी माणसं’ असा एकच शिक्का बसतो. माझ्या मते इथेच गल्लत होते.

बाहेरच्या रूपाची तक्रार बहुतेक वेळा चवीची असते, आणि चव बदलते. लँड रोव्हरची डिफेंडर १९४८ च्या मूळ गाडीपासून २०१६ पर्यंत जवळपास त्याच चौकोनी अंगाने चालली. २०१९ मध्ये नवी डिफेंडर दाखवली तेव्हा जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. पुढे तीच गाडी जोरात खपली, आणि आज तिला डिफेंडर म्हणायला कुणी अडखळत नाही. मर्सिडीजने २०१८ मध्ये जी-वॅगन जवळपास मुळापासून नवी केली, पण दाराच्या मुठी तशाच ठेवल्या आणि दार लागतानाचा खणखणीत आवाजही जपला. हे धोरणीपणाचं होतं. माणसाला सगळं जुनं हवं नसतं, ओळख पटण्यापुरतं थोडं मागचं हवं असतं. तेवढं मिळालं की डोळा दोन वर्षांत नव्या आकाराला सरावतो.

आतली तक्रार मात्र दोन वर्षांत मिटत नाही, दहा वर्षांतही मिटलेली नाही, कारण ती चवीची नाहीच. रेंज रोव्हरचंच बघा. १९७० ची पहिली रेंज रोव्हर आतून पाण्याचा पाइप मारून धुता येईल अशी होती. चिखलाच्या बुटांनी आत बसणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून ती बेतलेली. त्याच घराण्यातल्या वेलारला २०२३ मध्ये नवं रूप दिलं, तेव्हा एसीची बटणंसुद्धा ११.४ इंची स्क्रीनच्या पोटात गेली. हे विलायतेतलं कौतुक म्हणून सोडून देता येत नाही. २०२४ मध्ये रेंज रोव्हरची जुळवणी ब्रिटनबाहेर पहिल्यांदा सुरू झाली ती पुण्यात. मर्सिडीजची ईक्यूएस एसयूव्ही चाकणला जुळते. तिच्या डॅशबोर्डवर या खांबापासून त्या खांबापर्यंत १४१ सेंटिमीटर रुंदीची एकच काच आणि तिच्याखाली तीन स्क्रीन. महिंद्राची एक्सईव्ही ९ई चाकणचीच, आणि तिच्यात १२.३ इंचांचे तीन स्क्रीन ओळीने. म्हणजे पुण्याच्या परिसरात तयार होणारी काच चार-पाच तासांत आंबा घाटात उतरते, आणि तिचा खरा निकाल तिथं लागतो.

स्क्रीन आली तरी कशी? पहिला प्रयोग फार जुना आहे. अमेरिकेतल्या ब्यूक कंपनीने १९८६ च्या रिव्हिएरा गाडीत टचस्क्रीन बसवली, लोकांना ती रुचली नाही, आणि काही वर्षांत कंपनीने ती काढून टाकली. २०१२ मध्ये टेस्लाने मॉडेल एस गाडीत १७ इंची उभी स्क्रीन बसवली, तेव्हा मात्र हवा फिरली होती. माणसाच्या खिशात स्मार्टफोन आलेला होता. त्यातच अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. कॅमेरा आला म्हणजे स्क्रीन आलीच. आणि स्क्रीन आलीच आहे तर बटणांचा खर्च कशाला, हा हिशेब कारखान्यातल्या कुणालाही सुचेल. प्रत्येक बटणाला साचा लागतो, तार लागते, चाचणी लागते. स्क्रीनवरचं बटण एकदा लिहिलं की लाख गाड्यांत फुकट. नवं रूप द्यायचं तर पत्र्याचे साचे बदलायला कोट्यवधी लागतात, स्क्रीनवरचं चित्र बदलायला तुलनेने काहीच नाही. ‘आधुनिकता’ या नावाखाली जे विकलं जातं त्यात काटकसरीचा वाटा किती मोठा आहे, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

तरीही स्क्रीनची बाजू पोकळ नाही. कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या गर्दीत सव्वापाच मीटर लांबीची गाडी मागे घेताना कॅमेऱ्याचं चित्र देवासारखं धावून येतं. अनोळखी रस्त्यावर मांडीवरच्या फोनपेक्षा समोरचा मोठा नकाशा केव्हाही सुरक्षित. नव्या गाडीत कामंच इतकी वाढली आहेत की प्रत्येकाला बटण द्यायचं ठरवलं तर डॅशबोर्डवर बोट ठेवायला जागा उरणार नाही. जी गोष्ट बघायचीच आहे ती स्क्रीनवर असावी, यात वाद नाही. वाद आहे तो बघायची गरज नसलेल्या गोष्टींबद्दल. वायपर, हॉर्न, इंडिकेटर, काचेवरची वाफ घालवणारा पंखा, आवाज, हॅझर्डचे दिवे: ही कामं हाताची आहेत. हात ती आठवड्याभरात शिकतो आणि मग डोळ्यांना विचारत नाही. स्क्रीनवर हाताला काही लागत नाही. कुठे काठ नाही, उंचवटा नाही, दाबल्याचा टक नाही. बोट बरोबर पडलं का हे डोळ्यांनाच बघावं लागतं, आणि खड्ड्यात गाडी आदळली की ते चुकीच्या चौकटीवर पडतं.

जर्मनीतल्या कार्ल्सरुहच्या उच्च न्यायालयापुढे नेमकं असंच एक प्रकरण आलं. टेस्लाचा एक चालक जोराच्या पावसात निघाला होता. वायपर सुरू होता, पण त्याचा वेग बदलायला स्क्रीनवर जावं लागे. तो तिकडे बघत असताना गाडी रस्ता सोडून झाडांवर आणि खांबांवर गेली. न्यायालयाने मार्च २०२० मध्ये त्याचा दंड आणि एका महिन्याची वाहनबंदी कायम केली. गाडीत कायमची बसवलेली स्क्रीन हेही इलेक्ट्रॉनिक उपकरणच आहे, आणि ते हाताळण्यासाठी नजर रस्त्यावरून फार वेळ काढणं हा गुन्हा आहे, असा त्याचा अर्थ. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पण वायपर स्क्रीनमध्ये ठेवायचं ठरवणाऱ्याला काहीच झालं नाही, हेही त्या निकालात दिसतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात मोबाईल घेऊन गाडी चालवणं कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात मोडतं. सहा इंचांचा मोबाईल हातात असला तर गुन्हा, चौदा इंचांची स्क्रीन समोर ठोकलेली असली तर टॉप मॉडेल.

याची मोजदादही झाली आहे. स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ या मासिकाने २०२२ मध्ये चालकांना ताशी ११० किलोमीटर वेगाने नेऊन साधी चार कामं करायला लावली. २००५ च्या बटणांच्या व्होल्व्होमध्ये ती दहा सेकंदांत उरकली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे राहिलेल्या टचस्क्रीनच्या गाडीत पाऊण मिनिट लागलं आणि गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती. घाटात आपण चाळीसने चालवतो म्हणून सुटलो असं नाही. चाळीसच्या वेगाला दोन सेकंदांत गाडी बावीस मीटर जाते, आणि आंबा घाटात बावीस मीटरमध्ये वळण सुरू होऊन निम्मं संपलेलं असतं. अमेरिकी नौदलाने हा धडा माणसं गमावून घेतला. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ ही युद्धनौका टँकरला धडकून दहा नौसैनिक गेले. चौकशीत नौका चालवायच्या स्क्रीनवरचा गोंधळ पुढे आला, आणि नौदलाने वेग नियंत्रणाला पुन्हा हाताने धरायची दांडी बसवायचं ठरवलं. गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरोपच्या एनकॅप संस्थेने जानेवारी २०२६ पासून नियम केला की पैकीच्या पैकी तारे हवे असतील तर इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि संकटकाळचा कॉल यांना खरी बटणं पाहिजेत. फोक्सवॅगननेही नेहमीच्या कामांची बटणं परत आणायचं जाहीर केलं आहे. शौकिनांची कुरकुर म्हणून जी उडवून लावली जात होती, ती आता सुरक्षेची अट झाली.

मग गिऱ्हाईक मोठी स्क्रीन का मागतं? आपल्याकडे याचं एक कारण असं आहे, ज्याची चर्चा होत नाही. कोट-दीड कोटीची गाडी घेणारा मालक पुष्कळदा ती स्वतः चालवत नाही. कारखान्याचे चेअरमन असोत, बांधकामवाले असोत की पुढारी, ते मागे बसतात किंवा शेजारी बसतात. गाडी निवडताना शोरूममध्ये स्क्रीनवर बोट फिरवतात ते मालक, किंवा त्यांचा मुलगा. घाटात तिच्याशी झगडतो तो ड्रायव्हर. त्याचं मत कुणी घेतलेलं नसतं. धो-धो पावसात ‘साहेब, हे जरा तुम्हीच दाबा’ असं म्हणायची वेळ येते तेव्हा साहेब फोनवर असतात. गाडीतली स्क्रीन विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा, ही दरी जोवर आहे तोवर कंपनीकडे तक्रार पोचतच नाही.

आलिशान गाडी दिखाव्यासाठी असूच नये, असलं सोवळं मला मान्य नाही. कोल्हापूरला तर ते मुळीच शोभणार नाही. शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक येते तेव्हा माणसं टाचा उंचावून तिच्याकडे बघतात. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली, १९३० च्या दशकातली ही मोटार. झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं घडवणाऱ्या जर्मन मेबॅकची. ती मिरवण्यासाठीच आहे. पण तिचा सगळा दिमाख बाहेरच्या माणसासाठी आहे. लांबलचक बोनेट, मोठे दिवे, चकाकणारं लोखंड हे सगळं रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्याला म्हणतं, बघ माझ्याकडे. चालकाला ती असलं काही म्हणत नाही. त्याच्यासमोर काटे आहेत, त्याच्या हातात चाक आहे आणि त्याचे डोळे गर्दीवर मोकळे आहेत. आज मर्सिडीज त्याच मेबॅक नावाने जीएलएस ६०० ही एसयूव्ही विकते. भारतात ती २०२१ मध्ये २ कोटी ४३ लाखांपासून आली. जुन्या आणि नव्यात खरा फरक हा आहे: नव्या आलिशानपणाला बघ्याची नजर पुरत नाही, त्याला चालकाचीही नजर हवी असते. ग्रिल बाहेरच्याला ओढतं, स्क्रीन आतल्याला ओढते, आणि रस्त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

म्हणून आकारावरचा वाद खुशाल चालू द्यावा. तो मजेचा आहे, आणि मलकापूरच्या चहाला त्यानं चव येते. स्क्रीनबाबत मात्र आवडीनिवडीची भाषा सोडून द्यायला हवी. टेस्ट ड्राइव्ह घेताना मालकाने मागे बसावं, ड्रायव्हरला चाकावर बसवावं, आणि समोरून नजर न हलवता पाच कामं करायला सांगावीत: वायपरचा वेग वाढव, काचेवरची वाफ घालव, आवाज कमी कर, पंखा बदल, हॅझर्ड लाव. एकासाठीही त्याला मान वळवावी लागली तर त्याला विचारावं, ही घेऊ का? कंपन्या लेख वाचून डॅशबोर्ड बदलत नाहीत, न झालेली विक्री बघून बदलतात. ड्रायव्हर नको म्हणाला म्हणून दीड कोटीची गाडी नाकारणारे दहा मालक कोल्हापुरात निघाले, तर चाकणला त्याची दखल घ्यावीच लागेल.