वचनसंग्रह आणि विवरण

वारकरी व रामदासी घराण्यांतून जपून ठेवलेली जी जुनी बाडे आजही पाहावयास मिळतात, त्यांत बोरूच्या टपोऱ्या अक्षरांत कुठे अभंग, कुठे पद, कुठे एखादा संस्कृत श्लोक, आणि मध्येच एखाद्या औषधाचा पाठ किंवा देण्याघेण्याची याद असा सरमिसळ मजकूर आढळतो. कारण ज्याला जे जगण्यास आवश्यक वाटले ते त्याने उतरून घेतले, इतकाच त्या लेखनाचा उद्देश होता. विद्याकर पंडिताचा ‘सुभाषितरत्नकोश’, जो दामोदर कोसंबी व वा. वि. गोखले यांनी संपादून १९५७ साली प्रसिद्ध केला, तो रसिकांसाठी आहे; बाड हे एका साधकाचे स्वतःपुरते दप्तर आहे, आणि म्हणूनच त्याची कसोटीही निराळी आहे.

ती कसोटी कोणती, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. थोरांची वचने वहीत टिपून ठेवल्याने मनुष्य खरोखर सुधारतो काय? रोमन तत्त्वज्ञ सेनेका आपल्या ल्युसिलियस नामक मित्रास आरंभीच्या एका पत्रात सांगतो की, वाचलेल्यांतून रोज एखादाच विचार निवडून तो त्या दिवशी पचवावा. परंतु पुढे तेहतिसाव्या पत्रात, वचनांचा संग्रह मागणाऱ्या त्याच मित्रास तो बजावतो की, प्रौढ मनुष्याने टिपणवहीच्या आधाराने जगणे लाजिरवाणे आहे. या दोहोंत मला विरोध दिसत नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवणानंतर मनन आणि मननानंतर निदिध्यासन सांगतात. वही ही फार तर श्रवणाच्या अखेरीची पायरी होय, आणि तेथेच बैठक मारणाऱ्याची गत पुढे खुंटते.

समर्थांची योजना या दृष्टीने मननीय आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात अक्षरांचे वळण, ओळींतील अंतर, कागद, शाई, लेखणी या साऱ्यांचा त्यांनी इतका बारकाईने विचार केला आहे की, लेखन हीच एक उपासना वाटावी. आणि लगेच दुसऱ्या समासात ते अर्थाच्या विवरणाकडे वळतात. आपण पहिला समास मनोभावे पाळतो आणि दुसऱ्याच्या उंबरठ्यावर थबकतो.

दुकानदाराची रोजकीर्द कितीही सुवाच्य असली, तरी तिच्यातील रकमा खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती चढल्यावाचून कोणाकडे किती येणे आहे हे उमगत नाही. आपल्या वह्या बहुधा नुसत्या कीर्दी राहतात. क्रोधाविषयीचे एखादे वचन लिहिले, त्याच आठवड्यात वाटणीच्या बोलण्यात वडील बंधूंना टाकून बोललो, तर ती गोष्ट, तिथीवारासह, त्या वचनाखाली नोंदली गेली पाहिजे. अशी नोंद करताना हात जड होतो, हे खरे. पण त्या जडपणातच मननास प्रारंभ होतो, कारण तेव्हा प्रथमच ते वचन परक्याचे न राहता आपल्यावर रुजू होते. ज्या वहीत अशी एकही नोंद नाही, ती कितीही जाड असो, तिच्या धन्याचे चरित्र तिला ठाऊक नाही.

वाचकांपैकी ज्यांनी असा संग्रह ठेवला असेल, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, नवे वचन उतरून घेण्यापूर्वी त्यांनी मागचे एखादे पान काढावे आणि त्या वचनाखाली आपल्या आचरणाचा एक खरा दाखला लिहावा.