कुठवर घासायचं

पहाटेची वेळ आहे. ऊन अजून अंगणात उतरलेलं नाही. जिथे असाल तिथे निवांत बसा आणि मनाने कुरुंद्याला या. वसमत तालुक्यातलं हे गाव. काळी माती, हळदीची आणि उसाची रानं, पलीकडे टोकाईचा गड. इथल्या एका घरापुढे, पत्र्याच्या शेडखाली एक ठेंगणी, दोनच माणसांची गाडी उभी आहे असं समजा. सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात घडलेली स्पोर्ट्स कार. इंजिन रेनोचं, १.२ लिटरचं. अंग पत्र्याचं नव्हे, फायबरचं. तिचा लाल रंग आता विटकरीसारखा मंद झालाय. आज तिच्यापाशी बसायचं आहे. घाई नाही.

बोनेटवर धूळ आहे. हात आपोआप गमछ्याकडे जातो. तो हात तिथेच थांबवा. त्या धुळीत वाळूचे कण आहेत आणि रंगाच्या थरापेक्षा ते कितीतरी कठीण आहेत. कोरड्या फडक्याचा एक फेर मारला की बारीक ओरखड्यांचं जाळं उमटतं. गाडीची चमक एकाएकी जात नाही. रोजच्या मायेच्या पुसण्याने ती जाते. एक सावकाश श्वास घ्या. आपण प्रेमाने, पण कोरड्या हाताने, काय काय पुसत आलो ते आठवा.

आता पाणी. दोन बादल्या घ्या, एक शॅम्पूची आणि एक फडकं खळबळून घ्यायची. आधी नुसतं पाणी सोडा, सुटी माती वाहून जाऊ द्या. मग टपापासून सुरुवात करा. चाकांजवळचा चिखल सगळ्यात भरड, म्हणून तो सगळ्यात शेवटी. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. स्टीलच्या ताटावर वाळलं की जे पांढरे ठिपके दिसतात, तेच इथे रंगावर बसतात. म्हणून सावलीत, एकेक भाग धुवा आणि पाणी आपोआप वाळायच्या आत टिपा. मऊ फडकं घासू नका. नुसतं पसरा आणि त्याला पाणी पिऊ द्या.

गाडी स्वच्छ दिसते आहे. आता हातात एक पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, डोळे मिटा आणि ओल्या बोनेटवरून बोटं हलकेच फिरवा. खरखर लागते. डोळ्यांना जे दिसलं नाही ते बोटांना कळलं. ही रुतून बसलेली घाण आहे, धुण्याने ती निघत नाही. तिच्यासाठी क्ले बार, म्हणजे मळलेल्या कणकेसारखी मऊ वडी असते. भाग ओला ठेवून ती अलगद फिरवायची. खरखर संपली की हाताला आपोआप समजतं. वडी खाली मातीत पडली, तर मात्र ती पुन्हा वापरायची नाही.

आता बॅटरीचा झोत टाका. उजेडाभोवती गोल गोल रेषा दिसतील, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. रेषा खरं तर सगळीकडे, सगळ्या दिशांनी आहेत. उजेडाला ज्या आडव्या येतात तेवढ्याच चमकतात. पृष्ठभाग सपाट असतो तेव्हा उजेड एका वाटेने परततो. ओरखड्यांच्या कडांवर तोच विखुरतो आणि लाल रंग फिका, पांढुरका वाटू लागतो. म्हणजे चमक कुठे गेलेली नाही. ती विखुरली आहे. ह्या वाक्यापाशी थोडं थांबा.

ओरखडा भरून काढता येत नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खाली आणावा लागतो. पॉलिशचा सगळा मामला एवढाच. त्या पॉलिशमध्ये बहुधा जी भुकटी असते ती ॲल्युमिनियम ऑक्साइडची. हाच पदार्थ खनिजरूपात सापडतो तेव्हा आपण त्याला कुरुंद म्हणतो. गावाच्या नावाजवळचा हा शब्द मला फार आवडतो. कुरुंद कठीणपणात हिऱ्याच्या जवळचा. त्याच्या भरड दगडावर हत्यारांना धार लागते आणि त्याचेच पारदर्शक, रंगीत खडे माणिक आणि नीलम होतात. झिजवणारं आणि झळाळणारं एकाच जातीचं.

वसमतच्या हळदीवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. शिजवून वाळवलेली हळद तो ढोलात घालून फिरवतो. हळकुंडं एकमेकांवर घासतात, खरबरीत साल निघते, पिवळा रंग उजळतो. आणि वजनात तूट येते. ती तूट त्याने आधीच धरलेली असते. चमकेचा हिशेब असाच करायचा असतो.

आपला हिशेब फार बारीक आहे. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहूनही पातळ. जुन्या गाडीचा रंग फडक्यावर लाल उतरला, तर वर तोही थर नाही, आपण रंगच घासतो आहोत. जाडी मोजायचं नेहमीचं यंत्र धातूवर चालतं, फायबरच्या अंगावर नाही. फायबरमधून उष्णताही लवकर पसरत नाही. पॉलिशचं मशीन एका जागी रेंगाळलं तर रंग भाजतो. म्हणून मधून मधून तळहात टेकवून पाहा. कडांवर रंग आणखी पातळ, तिथे आधी टेप लावा.

वीतभर जागा निवडा. सगळ्यात सौम्य पॉलिश, मऊ पॅड, हलका दाब. पुसा. पाहा. एवढ्याने भागलं तर भरड काही काढूच नका. दारावर एक ओरखडा आहे, त्यात नख अडकतं. तो जाणार नाही. तो काढायला गेलात तर त्याच्यासोबत रंगही जाईल. त्याच्यावरून बोट फिरवा आणि त्याला राहू द्या. आपल्या आयुष्यात असा कोणता ओरखडा आहे, जो काढण्यापायी आपण आजूबाजूचं चांगलं झिजवतो आहोत? उत्तराची घाई नको.

शेवटी मेण. कार्नोबा नावाच्या ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं हे मेण पातळ लावा. ते गेलेलं काही परत आणत नाही. उरलेलं काही आठवडे राखतं.

संध्याकाळी ओसरीवरचा दिवा लावा. बोनेटमध्ये तो जवळजवळ अखंड दिसेल. दारावरचा ओरखडाही दिसेल. दोन्ही नीट बघून घ्या.

उद्या सकाळी रानातून वारा येईल, उसाची ट्रॉली जाईल, काळी माती पुन्हा बसेल. हात पुन्हा गमछ्याकडे जाईल. तेवढ्यात पाणी आठवलं, तर आजचं बसणं कामी आलं.