मनाची जखम आणि शेंकड्याचें माप

महाविद्यालयांत शिकविण्याचा व्यवसाय पत्करलेल्या मनुष्यास वर्षांतून दोनदां तरी एक अवघड न्यायनिवाडा करावा लागतो. समोर उत्तरपत्रिकांचा ढीग असतो आणि प्रत्येकीवर एक आंकडा घालावयाचा असतो. निबंधास वीसांपैकीं अकरा गुण दिले, तर बारा कां दिले नाहींत, याचें समाधानकारक उत्तर मला गेल्या तीस वर्षांत सांपडलेलें नाहीं. तथापि आंकडा एकदां पडला, कीं तो माझा राहत नाहीं. विद्यार्थी, त्याचे वडील, पुढें नोकरी देणारा अधिकारी, हे सारे त्यालाच त्या मुलाची योग्यता समजूं लागतात. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या मनोव्यथेचें मोजमाप तेथील सरकार कसें करतें, याविषयीं वाचूं लागलों, तेव्हां तो विषय मला परका वाटला नाहीं, याचें कारण हा अनुभव होय.

युद्धांत पाय गमावलेल्या सैनिकाची हानि आंधळ्यावांचून सर्वांस दिसते. परंतु ज्याचें शरीर धडधाकट आहे, पण ज्याला रात्रीं झोंप नाहीं, दार आपटलें तरी जो दचकून उठतो, पोटच्या मुलांजवळ बसणेंहि ज्याला असह्य होतें, त्याची जखम कोणीं आणि कशी पाहावी? पहिल्या महायुद्धांत अशा रोग्यांस 'शेल-शॉक' झाला असें म्हणत. चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनीं तो शब्द १९१५ सालीं वैद्यकीय लेखनांत आणला. त्याच युद्धांत पलायन, भ्याडपणा इत्यादि गुन्ह्यांसाठीं ज्यांना ब्रिटिश फौजेनें गोळ्या घातल्या, त्यांपैकीं ३०६ जणांना २००६ सालीं ब्रिटिश सरकारनें मरणोत्तर क्षमा केली. त्यांतील कित्येकांचीं मनें आधींच भंगलेलीं असावींत, ही जाणीव त्या क्षमेच्या मुळाशीं होती. व्हिएतनामचें युद्ध १९७५ सालीं संपलें. आणि या व्यथेला 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर', म्हणजे आघातानंतर जडणारा मनोविकार, हें नांव अमेरिकन मनोवैद्यांच्या अधिकृत सूचींत १९८० सालीं मिळालें. ज्या दुःखाला नांव नाहीं, त्याला सरकारदरबारीं दाद मागतां येत नाहीं.

आज तेथें दाद मागणाऱ्यास सामान्यतः तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: विकार आज आहे, सेवाकाळांत कांहीं घडलें होतें, आणि त्या दोहोंचा संबंध आहे. मग डॉक्टर तपासतो, आणि त्याचा अहवाल वाचून एक अधिकारी शेंकडा किती अपंगत्व तें ठरवितो. १९९६ सालापासूनच्या कोष्टकांत मनोविकारांसाठीं सहा पायऱ्या आहेत: ०, १०, ३०, ५०, ७० आणि १००. धंदा-नोकरी व लोकव्यवहार यांत किती अडथळा आला, यावर पायरी ठरते. भीतीचा झटका आठवड्यांतून एकदां किंवा त्याहून कमी वेळां येत असेल, तर तें शेंकडा ३० चें लक्षण. एकाहून अधिक वेळां येत असेल, तर शेंकडा ५० चें. हीं लक्षणें केवळ उदाहरणादाखल आहेत, असें तेथील न्यायालयानें २००२ सालीं बजावलें, हें खरें. पण कोष्टक समोर असलें, कीं उदाहरणाचाच नियम व्हावयास वेळ लागत नाहीं.

या पद्धतीवर पहिला आक्षेप असा, कीं ती दुःख मोजीत नाहीं, दुःखामुळें अडलेलें काम मोजते. महाभारतांतील युधिष्ठिराचेंच उदाहरण घ्या. युद्ध जिंकल्यावर त्याला राज्य नकोसें झालें, वनांत निघून जावेंसें वाटलें. भावांनीं, व्यासांनीं, श्रीकृष्णानें परोपरीनें समजाविलें, तेव्हां तो सिंहासनावर बसला, आणि पुढें छत्तीस वर्षें त्यानें राज्य केलें. या कोष्टकानें त्याला किती शेंकडा मिळाले असते? कारभार बिनचूक चालला होता, म्हणजे अडथळा अल्प! जो मनुष्य दांतओठ खाऊन रोज कामावर जातो, घरच्यांपुढें हंसतो आणि रात्र मात्र जागून काढतो, त्याचें धैर्यच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतें. शिवाय, वेदना दाखवूं नये असें ज्याला फौजेनें शिकविलें, त्यालाच आतां अनोळखी माणसासमोर आपली अत्यंत लाजिरवाणी घटका वर्णावी लागते, आणि ती नीट वर्णितां आली नाहीं तर त्याचेंच नुकसान होतें. २०२२ सालीं त्या खात्यानें कोष्टक बदलण्याचा प्रस्ताव मांडला. स्मरण व विचारशक्ति, माणसांशीं संबंध, कामें पार पाडणें, बाहेर वावरणें आणि स्वतःची निगा, अशीं पांच अंगें तपासावीं, अशी त्यांतील कल्पना होती. अंगें वाढलीं म्हणजे निवाडा अधिक सूक्ष्म होईल. परंतु सहन करण्याची किंमत त्यांतहि सहजासहजीं धरतां येणार नाहीं.

मग आंकडाच नको, असें म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. सरकारचा पैसा हा लोकांचा पैसा आहे, आणि खोटें बोलणारे फौजेंतहि असतात. कोष्टक नसेल, तर एका अधिकाऱ्याच्या कोमल हृदयावर आणि दुसऱ्याच्या कठोर स्वभावावर सैनिकाचें नशीब अवलंबून राहील. आंकड्याचा उपयोग या लहरीला आळा घालण्यापुरता आहे. राष्ट्राचें ऋण किती हें तो सांगतो; मनुष्याचें दुःख किती हें सांगण्याचा त्याला अधिकार नाहीं. सावकाराच्या वहींतील रकमेवरून कुळानें किती उपास काढले तें कळत नाहीं, म्हणून कोणी वही जाळीत नाहीं. पण वही म्हणजेच कुळाचें चरित्र, असेंहि कोणी मानूं नये.

खरा नैतिक प्रश्न यापुढें आहे. अदृश्य गोष्टीचा न्याय करतांना चूक ही व्हावयाचीच. तर ती कोणत्या बाजूस व्हावी? लबाडाला पैसा मिळाला, तर खजिन्याची हानि होते. खऱ्याला लबाड ठरविलें, तर ज्या राष्ट्रासाठीं तो लढला, त्या राष्ट्रानेंच त्याची व्यथा खोटी म्हटल्याची दुसरी जखम त्याला होते. तिच्यावर उपाय नाहीं. अमेरिकेच्या कायद्यानें येथें उघड पक्ष घेतला आहे. दोन्ही बाजूंचा पुरावा जवळजवळ सारखा भरला, तर संशयाचा फायदा सैनिकास द्यावा, असें तो सांगतो. भरतीच्या वेळीं दोष नोंदलेला नसेल, तर तो सैनिक निकोप होता असें धरून चालावें, असेंहि त्यांत आहे. २०१० सालच्या नियमानें आणखी एक पाऊल पडलें: शत्रूच्या वा दहशतवाद्यांच्या हल्ल्याची भीति हें विकाराचें मूळ असेल, खात्याच्या मनोवैद्यानें तें मान्य केलें असेल आणि सेवेचें स्थळ व परिस्थिति यांशीं तें जुळत असेल, तर त्या प्रसंगाविषयीं सैनिकाचा शब्द सामान्यतः पुरे.

हा पक्षपात मला न्याय्य वाटतो, आणि तो केवळ दयेपोटीं नव्हे. रणांगणावर धाडतांना राष्ट्रानें त्या तरुणाच्या मनाची ताकद किती हें बारकाईनें तोलून पाहिलें नव्हतें. जें होतें तें पुरेसें आहे असें मानून त्याला पुढें केलें. घेतांना ज्यानें विश्वासानें घेतलें, त्यानें परत देतांनाच तेवढा रतिमाशांचा तराजू काढावा, हें शोभत नाहीं. अर्थात् कायदा पुस्तकांत असणें निराळें आणि तपासणाऱ्याच्या नजरेंत असणें निराळें. संशयाचा फायदा कागदावर देऊन नजरेनें संशयच घेतला, तर समोरच्या मनुष्यास कळल्यावांचून राहत नाहीं.

माझ्यापुढें पुन्हां उत्तरपत्रिका येतील आणि मी पुन्हां आंकडे घालीन. त्यावांचून गत्यंतर नाहीं. मात्र अकरा आणि बारा यांमध्यें मन घुटमळेल, तेव्हां बारा लिहावे, असें मीं ठरविलें आहे; आणि अकरा लिहावेच लागले, तर त्या मुलाला मी अकरांतलाच समजणार नाहीं.